डोळ्याच्या गाडीचा आख

रेवा, ओजस,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं जुने फोटो बघत होतात आणि रेवाने विचारलं, "आजी, व्हॅनच्या सीटवर दगड कुणी बांधून ठेवलेत?" मी विषय बदलला. तुमची आई जेवायला हाका मारत होती, आणि हे दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं. आता सवडीने लिहिते. ते दगड इरप्पा मिस्तरींचे. मी जे पाहिलं तेवढंच लिहीन. त्याचा अर्थ मला आजही नीट लागलेला नाही, त्यामुळे तो तुम्हाला सांगता येणार नाही.

इरप्पा मिस्तरींचं शेड नांदेडहून लोह्याला जाणाऱ्या रस्त्यावर होतं. शेड म्हणजे चार लोखंडी खांब आणि वर पत्रा. भिंत एकाही बाजूला नव्हती. पावसाळ्यात चहूकडून झड आत यायची आणि मिस्तरी मधोमध डोक्यावर पोतं घेऊन काम करत राहायचे. माणूस उंच, काटकुळा, पन्नाशी उलटलेला. बोलणं इतकं हळू की समोरचा आपोआप पुढे वाकायचा. गाडीखाली शिरण्याआधी ते उकिडवे बसायचे, उजवा तळहात जमिनीवर टेकवायचे, थोडं थांबायचे आणि मगच आत सरकायचे. दिवसातून वीस वेळा शिरले तरी वीस वेळा.

कुणी गाडी घेऊन आलं की दुसरे मिस्तरी विचारतात, काय झालं? इरप्पा विचारायचे, "आत बसतंय कोण कोण?" माणसं किती, कुठे बसतात, अंगाने कशी आहेत, हे कळल्याशिवाय ते पान्याला हात लावायचे नाहीत.

त्यांच्याकडे मला आपला ड्रायव्हर दिगंबर घेऊन गेला. आम्ही पोचलो तेव्हा अर्धापूरचे एक केळीवाले बागाईतदार जीप घेऊन उभे होते. गळ्यात साखळी, हातात दोन फोन. मिस्तरींनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"मी अन् डायवर. आणखी कोण बसतंय? केळीची जीप हाय ती," ते म्हणाले.

मिस्तरी जीपच्या मागे गेले, वाकून चाकांवरचे पाटे, म्हणजे वजन झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, पाहिले, डाव्या बाजूच्या पाट्यावरून बोट फिरवलं.

"अन् मागं डाव्या अंगाला आडवं कोण होतं?"

बागाईतदार हसायला गेले आणि मधेच थांबले. मग त्यांनी साखळी शर्टाच्या आत सारली. "आई होती," ते म्हणाले. "दवाखान्यात नेऊन राहिलो होतो. पोचलो न्हाई आम्ही."

"हाव," मिस्तरी म्हणाले. "डावा पाटा बसलाय. बदलू का तसाच ठिवू?"

त्या माणसाने थोडा विचार करून "तसाच ठेवा" म्हटलं आणि जीप घेऊन गेला. दिगंबर माझ्या कानाशी म्हणाला, "बाई, ह्याच्याकडं द्यायची का आपली गाडी? दुसरा बघू." मी म्हटलं, एका बाजूला वजन पडलं की पाटा बसतो, ते अनुभवी माणसाला कळतं, त्यात विशेष काय? दिगंबर म्हणाला, "एका फेरीच्या म्हातारीनं पाटा बसतोय व्हय?" तरी गाडी मी त्यांनाच दाखवली.

आता आपल्या गाडीचं सांगते. ती जर्मन बनावटीची जुनी व्हॅन. एक जर्मन डॉक्टरीणबाई मायदेशी परत जाताना ती तुमच्या आजोबांना देऊन गेल्या. पुढे नाक नाही, इंजिन मागे, समोर मोठी गोल काच. आजोबांनी तीस वर्षं तिच्यातून कंधार, भोकरकडच्या गावांतले मोतीबिंदूचे पेशंट नांदेडला आणले आणि ऑपरेशन झालं की घरी पोचवले. गावोगावी तिला डोळ्याची गाडी म्हणतात. आजोबांनंतर या फेऱ्या चालवणाऱ्या त्यांच्या संस्थेचं काम मी बघू लागले. गाडी चालू होती, पण तिची पायरी उंच. डोळ्यांनी अधू, गुडघ्यांनी अधू अशी माणसं त्या पायरीवर चढायची. कंधारकडची एक आजी तिथून पडली आणि मनगट मोडून बसली. संस्थेच्या बैठकीत ठरलं की आणखी कुणी पडलं तर गाडी भंगारात द्यायची आणि फेऱ्या बंद करायच्या. दुसरी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. गाडी चार बोटं खाली बसली असती तर म्हाताऱ्या माणसांना ती चढता आली असती. मला मिस्तरींकडून तेवढंच हवं होतं.

मी सगळं क्रमाने सांगितलं. "एक आजी पडली" म्हटल्यावर मिस्तरींनी हात वर केला. "खाली आली मना," ते म्हणाले. पडणं हा शब्द ते स्वतः उच्चारायचे नाहीत आणि दुसऱ्यालाही उच्चारू द्यायचे नाहीत. पाऊससुद्धा त्यांच्या बोलण्यात यायचा, पडायचा नाही.

मग ते गाडीखाली गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "मागचं सोपं हाय. पुढचं न्हाई होणार."

का ते त्यांनी मला खडूने जमिनीवर काढून दाखवलं. त्या गाडीच्या पुढच्या आखात दोन आडव्या नळ्या असतात, एकावर एक. प्रत्येक नळीत पोलादी पात्यांची जुडी. जुडी मधोमध स्क्रूने घट्ट धरलेली आणि तिची दोन्ही टोकं चाकांच्या दांड्यांना जोडलेली. चाक वर उचललं की पाती पिळली जातात, धुतलेलं लुगडं दोघींनी दोन टोकांनी पिळावं तशी. त्या पिळाच्या जोरावर गाडी उभी असते. खाली बसवायची तर मधली पकड थोडी फिरवायची.

"पण खाली बसली की वळताना चाक अंगाला घासतंय," ते म्हणाले. "मनून दोन्ही चाकं आत घ्यावी लागतेत. मंजे नळ्या मधून कापायच्या, इकडून बोटभर, तिकडून बोटभर काढायचं, अन् पुन्हा सांधायचं. पाती बी तेवढीच आखूड करायची."

"मग अडचण काय?"

"कापलेल्या आखावर माणसं बसणार, बाई. सांधा खाली आला तर?"

मी म्हटलं, तुम्ही नाही केलंत तर गाडी भंगारात जाईल. ते हत्यारं आवरायला लागले. आठ दिवसांनी स्वतःच आपल्या अंगणात येऊन उभे राहिले आणि विचारलं, "त्या आजीचं नाव काय हुतं?" मी सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि गाडी लाकडी ठोकळ्यांवर घेऊन त्यांनी आख सोडवायला सुरुवात केली. परवानगीचे कागद मी करून घेतले.

त्या दिवशी दुपारी पाऊस आला. मी त्यांना चहाला आत बोलावलं. ते अंगणातच भिजत उभे राहिले. पोर्चखालीसुद्धा आले नाहीत, कारण पोर्चला स्लॅब आहे. कप मी हात लांब करून दिला. चहात पावसाचं पाणी टपकत होतं आणि ते शांतपणे पीत होते.

नंतर दिगंबरने मला कारण सांगितलं. तीस वर्षांपूर्वी लातूर-उस्मानाबादकडे जो भूकंप झाला तो तुमच्या आईला आठवत असेल. नांदेडलाही आपल्या मांडणीतली भांडी वाजली होती. मिस्तरी तिकडचे. दगड आणि पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींचं घर. ते कामासाठी नांदेडला होते, म्हणून वाचले. घरातली पाच माणसं गेली. मिस्तरी परत आले ते भिंतीतले चार दगड घेऊन. शेडच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली असतात, दिगंबर म्हणाला, कुणी हात लावत नाही.

आख त्यांनी शेडमध्ये कापला. मी पाहायला गेले होते. नळीवर खडूची खूण केल्यावर ते करवत हातात घेऊन किती तरी वेळ बसून राहिले. मग नळीवर थाप मारून म्हणाले, "जरा दम धरा, लगेच जोडतो." हे कुणाला म्हणाले, मला कळलं नाही. आजूबाजूला आम्ही दोघंच होतो. सांधा त्यांनी एकदा वेल्ड करून घासून काढला, पुन्हा केला, पुन्हा घासला. तिसऱ्यांदा झाल्यावर अख्खा दिवस तो नुसता टांगून ठेवला.

आपल्या अंगणात आख परत बसवल्यावर उंची लावायची वेळ आली. त्यासाठी त्यांच्याकडे एक बाभळीची काठी होती, तिच्यावर सुरीने केलेल्या खाचा. चाकाच्या वरच्या कमानीपर्यंत ती उभी लावून ते उंची बघायचे, आणि त्यांचं माप सुताचं, म्हणजे इंचाचा आठवा भाग. आधी रिकाम्या गाडीची खूण केली. मग म्हणाले, "आता माणसं बसवू." टेम्पोतून त्यांनी वाळूची पोती आणली होती. आणि ते चार दगड.

दगड सीटवर ठेवताना एकेकाला दोघं लागत होते. मिस्तरी ते जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी पाठीला बांधत होते आणि बोलत होते. "बापू, तुमी पुढं. बाहेरचं दिसंल. माय, तू खिडकीला. आक्का, सरक जरा. कलावती, तू हितं." कलावती त्यांची बायको. उरलेल्या जागांवर पोती ठेवली. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावरची, दाराजवळची डावी जागा मात्र त्यांनी रिकामीच ठेवली.

"तिथं पोतं राहिलं की," दिगंबर म्हणाला.

"राहू दे," मिस्तरी म्हणाले.

तो फोटो मी तेव्हा काढला. ड्रायव्हरची सोडून नऊच्या नऊ जागा मी फोटोत मोजल्या आहेत: चार दगड, चार पोती आणि ती एक मोकळी.

पाती बसावीत म्हणून गाडी रात्रभर तशीच भरलेली ठेवायची होती. सकाळी मिस्तरी यायच्या आधी मी दार उघडून पाहिलं. दगडांना जुनी पांढरी माती चिकटलेली होती, ती सुटून सीटच्या नव्या कव्हरवर सांडली होती. पण खरं सांगते, मला कव्हरची काळजी नव्हती. मला वाटलं, ज्यांना हा माणूस माय आणि बापू म्हणतो, त्यांना असं धुळीत ठेवणं बरं नव्हे. आपल्याकडे देवाचे टाक आपण असेच ठेवतो का? मी दिगंबरला दगड एकेक करून खाली घ्यायला लावले, नळाखाली माझ्या हाताने धुतले, पंच्याने पुसले आणि पुन्हा जागच्या जागी बांधले.

"बाई, हे कामून?" दिगंबर म्हणाला. "इचारायचं तरी त्येला."

"आनंदच होईल त्यांना," मी म्हटलं. सीटवरची माती मी मऊ ब्रशने झाडली. बरीचशी बाहेर आली. जी सीटच्या सांदीत गेली ती गेली.

मिस्तरी आले, त्यांनी दार उघडलं आणि मायच्या दगडावर हात ठेवला. तो अजून ओलसर होता. त्यांनी बोटं एकमेकांवर घासून पाहिली. मग दार लावून म्हणाले, "निघतो. सोबत कुणी यायचं न्हाई."

"अरे, मी बसतो की शेजारी," दिगंबर म्हणाला. "गाडी माझ्याच हातची हाय."

"शेजारी बापू हायेत."

ते एकटेच लोह्याच्या दिशेने गेले. तो रस्ता तेव्हा सगळा उखडलेला होता. तासाभरात येतो म्हणाले होते. दोन तास झाले. दिगंबर फाटकापाशी येरझाऱ्या घालत होता. त्याने एकदा विचारलं, "सांधा सुटला आसंल काय?" मी त्याला गप्प बसवलं, पण माझ्याही डोक्यात तेच होतं. गाडी भंगारात जाईल याची भीती केव्हाच मागे पडली होती. हा माणूस आपल्या मायबापाला घेऊन स्वतःच्याच हाताने कापलेल्या आखावर गेला होता.

गाडी आली. हळू, एका संथ लयीत. मिस्तरी उतरले, जमिनीवर तळहात टेकवला, खाली गेले. सांध्यावरून हात फिरवल्याचा खरखरीत आवाज आम्हाला ऐकू येत होता. बाहेर येऊन म्हणाले, "धरलाय."

दिगंबरने हुश्श केलं. पोती उतरवली, दगड उतरवले. रिकामी झाल्यावर गाडी वर उचलली जायला हवी होती. मिस्तरींनी काठी लावली. उजवीकडे खाच बरोबर जुळली. डावीकडे गाडी एक सूत खाली होती.

त्यांनी पुन्हा मोजलं. पुढचा बंपर धरून गाडी दोनदा दाबून सोडली, परत मोजलं. एक सूत.

"पाती नुकतीच कापून बसवलीत," मी म्हटलं. "पहिल्या फेरीत थोडी बसली असतील."

"ते धरूनच खूण केलती," ते म्हणाले. मग ड्रायव्हरच्या मागच्या त्या रिकाम्या जागेकडे बघत, मला कधी नव्हे ते नीट ऐकू येईल अशा आवाजात बोलले. "घरातली चौघं सापडली बाई, त्यांच्या अंगावरचा एकेक दगड मी आणला. गिरजा चार वर्साची. तिच्यावर दगड न्हवताच. नुस्ती माती हुती. ती माती तेवढी ह्या दगडांना लागलेली हुती."

मी नळाकडे पाहिलं. नळाखालून वाहून गेलेलं पांढुरकं पाणी अजून अंगणातल्या फरशीवर वाळत होतं. मी माफी मागितली. ते म्हणाले, "तुमी घाण काढायला न्हाई धुतली. मला कळतंय."

मग ते दाराशी गेले, पायरीवर एक पाय ठेवून आत वाकले आणि म्हणाले, "गिरजे, उतर आता. समदे उतरले बग."

आम्ही तिघंही गाडीकडे बघत होतो. दुपारची वेळ, लख्ख ऊन, रस्त्यावर भाजीवाल्याचा आवाज. गाडी हलली नाही. मिस्तरींनी पुन्हा एकदा, लाडीगोडीने सांगितलं. मग काठी लावून पाहिली. एक सूत.

"बरं," ते म्हणाले. "ऱ्हा." पाना घेऊन ते खाली शिरले आणि डाव्या चाकाच्या दांड्यापाशी पात्यांचा पीळ त्यांनी एवढासा वाढवला. बाहेर येऊन काठी लावली तेव्हा डावी बाजू खाचेला बरोबर भिडली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी रस्ता रुंदीकरणात त्यांचं शेड गेलं. शेजारचा पंक्चरवाला सांगत होता, मिस्तरींनी टेम्पोत आधी दगड चढवले, मग हत्यारं. कुठे गेले ते त्यालाही माहीत नव्हतं. दिगंबरने लातूरपर्यंत चौकशी केली, पत्ता लागला नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधी, गाडीच्या पहिल्या फेरीला.

त्या दिवशी आम्ही ऑपरेशन झालेल्या आणि तपासून झालेल्या सात जणांना भोकरकडे पोचवणार होतो. मिस्तरी न बोलावता फाटकाशी येऊन उभे होते. पहिल्यांदाच खरी माणसं त्या आखावर बसणार होती. एकेक जण पायरीवर पाय ठेवून आत जात होता आणि कुणालाही हात द्यावा लागत नव्हता. मिस्तरींची नजर मात्र माणसांवर नव्हती, चाकावरच्या कमानीवर होती. एकेका माणसागणिक ती किती खाली येते ते बघत होते.

शेवटी चढली ती एक म्हातारी, भोकरच्या पलीकडच्या खेड्यातली. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू, तिची तारीख पुढच्या आठवड्याची होती. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर ती दाराजवळची जागा सोडून अवघडून बसली.

"आज्जे, सरक की दाराकडं," दिगंबर म्हणाला. "जागा मोकळी हाय तिथं."

"सरकू कुठं?" म्हातारी म्हणाली. "पोरगी बसलीय हितं."

दिगंबर हसला. "माझं तोंड दिसंना तुला, अन् पोरगी दिसून राहिली व्हय?"

"दिसतंय कुठलं, मेल्या. पाय हलवून राहिली ती. माझ्या गुडघ्याला लागून राहिलेत तिचे पाय."

दिगंबरचं हसू गेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पुढच्या सीटवर बसले होते. मागे वळून पाहिलं तर म्हातारीच्या आणि दाराच्या मधे तेवढीच एक जागा मोकळी होती, आणि म्हातारी तिच्यापासून अंग चोरून बसली होती, आपण लहान मुलाला जागा करून देतो तसं.

मिस्तरी खिडकीशी आले. "बसू द्या तिला, आज्जी," ते म्हणाले. "काही होत न्हाई. तिचं वजन धरलंय मी."

म्हातारीने मान हलवली, लुगड्याचा पदर आवरला आणि दार लागलं. दिगंबरने गाडी काढली. फाटकाबाहेर पहिलाच मोठा खड्डा लागला, पुढचा भाग खाली दबला, वर आला आणि स्थिर झाला. आतल्या कुणाला धक्काही जाणवला नाही. मी आरशात पाहिलं. इरप्पा मिस्तरी रस्त्याच्या मधोमध पालथे झोपले होते, गाल डांबराला लावून, जाणाऱ्या गाडीच्या पोटाखालून आख बघत. मागून एक रिक्षा हॉर्न वाजवत होती. आम्ही वळेपर्यंत ते उठले नाहीत.